चांगल्या माणसानं खुर्ची का सोडावी?

२०२२च्या ऑगस्टमध्ये गोकुलम केरळ या क्लबचा महिला फुटबॉल संघ उझबेकिस्तानात, ताश्कंदला उतरला. आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत त्यांना खेळायचं होतं. भारतातली महिला लीग जिंकून त्यांनी ही जागा कमावली होती. पोहोचल्यावर कळलं की फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं आहे, आणि निलंबित महासंघाचा क्लब आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकत नाही. क्लबनं पंतप्रधानांना आवाहन केलं, क्रीडा मंत्रालयानं फिफाला आणि आशियाई महासंघाला विनंती केली. संघ तरीही एकही सामना न खेळता परतला. निलंबन ११ दिवसांत उठलं, पण तोवर त्यांची स्पर्धा हातातून गेली होती.

फिफाचं म्हणणं होतं की भारतीय महासंघाच्या कारभारात त्रयस्थांचा हस्तक्षेप होतो आहे. हे त्रयस्थ म्हणजे सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली प्रशासकांची समिती. ती नेमावी का लागली? महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांचा तिसरा कार्यकाळ डिसेंबर २०२०मध्ये संपला होता आणि नवी निवडणूक झालीच नव्हती. ती का झाली नव्हती? महासंघाची घटना कशी असावी हा वाद २०१७पासून न्यायालयात होता, आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असताना निवडणूक घ्यायची कशी, असं महासंघ म्हणत होता. शेवटी मे २०२२मध्ये न्यायालयानं जुन्या पदाधिकाऱ्यांना बाजूला केलं आणि ऑगस्टमध्ये फिफानं दार लावलं.

गंमत अशी की यातल्या प्रत्येकाकडे दाखवायला एक नियम होता. फिफाकडे स्वायत्ततेचा नियम होता, न्यायालयाकडे कार्यकाळाचा होता, महासंघाकडे 'न्यायप्रविष्ट' हा शब्द होता. ताश्कंदच्या हॉटेलात बसलेल्या खेळाडूंकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे फक्त बूट होते.

ही बातमी वाचताना बहुतेकांना राग येतो तो माणसांचा. कुणी म्हणतं राजकारणी हटवा, कुणी म्हणतं माजी खेळाडू आणा. मला मात्र एक वेगळा प्रश्न सतावतो, आणि तो वाईट माणसांबद्दल नाही. वाईट माणसानं खुर्ची सोडावी हे सांगायला निबंध लागत नाही. जो माणूस प्रामाणिक आहे, खेळावर जीव टाकतो, काम करतो, त्यानं खुर्ची का सोडावी? नियमानं त्याला बारा वर्षांनी घरी का पाठवावं?

'पण त्यांनी काम तर केलं ना?'

या प्रश्नाची दुसरी बाजू आधी नीट मांडू, कारण ती पोकळ नाही.

खेळाचा कारभार म्हणजे नुसत्या बैठका नव्हेत. आंतरराष्ट्रीय महासंघात ओळखी व्हायला वर्षं जातात. स्पर्धा आपल्या देशात आणायची तर दहा जणांची मनधरणी करावी लागते. प्रायोजक माणसावर विश्वास ठेवून पैसे देतात, लेटरहेडवर नाही. २०१७मध्ये १७ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईतही सामने झाले, गोव्यातही. हे पटेल यांच्याच कारकिर्दीत झालं, आणि २०१९मध्ये ते फिफाच्या परिषदेवर निवडूनही गेले. अनुभवाची किंमत असते. बारा वर्षांत शिकलेला माणूस घरी बसवायचा आणि नवख्याला पुन्हा पहिलीपासून शिकवायचं, यात शहाणपण काय, असं कुणी विचारलं तर तो खुर्चीला चिकटलेला माणूस असतोच असं नाही. तो खरंच खेळाचा विचार करत असू शकतो.

शिवाय लोकशाहीचाही मुद्दा आहे. मतदार संघटनांनाच तो माणूस हवा असेल, तर त्यांना अडवणारे आपण कोण?

हे सगळं मान्य करूनही माझं उत्तर 'सोडावी' असंच आहे. त्याचं कारण कळायला कोल्हापूरपासून सुरुवात करावी लागेल.

उपकार आणि हिशेब

महाराष्ट्रात खेळ आश्रयावर वाढला. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी उभं केलं. तालमी, पैलवानांचा खुराक, बक्षिसं हे सगळं दरबारातून येत असे. १९५२मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिम्पिकला निघाले तेव्हा पैशांसाठी त्यांना दारोदार फिरावं लागलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९८४मध्ये अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगायलाच हवी. पण तिच्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. खर्डेकरांनी जे दिलं ते स्वतःचं होतं. घर त्यांचं, कर्ज त्यांचं, जोखीम त्यांची. म्हणून तो उपकार होता, आणि खाशाबांनी तो आयुष्यभर मानला असेल तर ते योग्यच होतं.

आज संघ परदेशी जातो तेव्हा बहुतेक खेळांत खर्च सरकारी अनुदानातून होतो, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. जिल्हा संघ राज्य स्पर्धेला जातो तेव्हा नोंदणी शुल्क खेळाडूंच्या पालकांनीच भरलेलं असतं. तरीही आपल्या तोंडी भाषा कुठली असते? 'साहेबांनी टीम पाठवली.' 'सरांनी चान्स दिला.' 'दादांमुळे पोरीला राज्यावर खेळायला मिळालं.' दरबार गेला, देणगीदार प्राचार्य गेले, पैसा सार्वजनिक झाला; भाषा मात्र आश्रयाचीच राहिली. जो दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब देणं लागतो, त्याचे आपण आभार मानतो.

आणि माणूस जितका चांगला, तितकी ही भाषा घट्ट होते. मला खरी काळजी वाटते ती इथे.

एक चांगले सर

मी काही वर्षं एका जिल्ह्यातल्या खो-खो स्पर्धांमध्ये गुणलेखक म्हणून बसायचे. तिथले सचिव खरोखर भला माणूस होते. पहाटे पाचला मैदानावर, फक्की घेऊन स्वतः आखणी करणारे. बाहेरगावच्या मुलींना स्वतःच्या घरी जेवू घालणारे. वीसेक वर्षं ते सचिव होते आणि त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहण्याचा प्रश्नच येत नसे. वार्षिक सर्वसाधारण सभा पंधरा मिनिटांत आटपायची. मागील सभेचं इतिवृत्त मंजूर, जमाखर्च मंजूर, ऐनवेळचे विषय नाहीत, चहा.

एका वर्षी राज्य स्पर्धेहून परत आल्यावर मुलींना प्रवासभत्ता मिळाला नाही. एका मुलीनं माझ्याकडे विषय काढला. मी म्हटलं, सरांना विचार ना. ती म्हणाली, "ताई, माझ्या बुटांचे पैसे सरांनी खिशातून दिलेत. त्यांना कसं विचारू?"

सरांनी तो भत्ता खाल्ला नव्हता, याची मला आजही खात्री आहे. बहुधा तो दुसऱ्या कुठल्या तरी खेळाडूच्या गरजेवर खर्च झाला असेल. पण त्या वाक्यानं मला एक गोष्ट दाखवली. बूट ही सरांची भेट होती, भत्ता हा तिचा हक्क होता, आणि भेटीनं हक्काचं तोंड बंद केलं होतं. सरांनी हे जाणूनबुजून केलं नव्हतं. त्यांना कळलं असतं तर वाईटच वाटलं असतं. चांगुलपणाचा हा परिणाम चांगुलपणाला दिसत नाही.

पुढे सर आजारी पडले, मोठं ऑपरेशन झालं. तेव्हा कळलं की संघटनेचा शिक्का, चेकबुक, खेळाडूंच्या नोंदीचं रजिस्टर हे सगळं त्यांच्या घरच्या कपाटात होतं. प्रवेशिका पाठवायची तारीख निघून गेली. त्या वर्षी जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेत उतरलाच नाही, आणि बारावीतल्या मुलींचे क्रीडा गुणही त्यात गेले. कुणीही चोरी केली नव्हती. एका माणसानं सगळं इतकं मनापासून सांभाळलं होतं की दुसऱ्या कुणाला ते सांभाळता येईनासं झालं होतं.

संस्थेची तब्येत म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला हे कपाट आठवतं. आजारी संस्था नेहमी भ्रष्टच असते असं नाही. कधी कधी ती एका भल्या माणसाच्या कपाटात मावते.

'आमची संस्था, आमचा कारभार'

इथे कुणी म्हणेल, संघटना खासगी आहे, सभासदांची आहे. बाहेरच्यांनी नियम का घालावेत?

हा वाद आपल्या देशात अगदी वरपर्यंत गेलेला आहे. २००५मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की बीसीसीआय ही घटनेच्या अर्थानं 'राज्यसंस्था' नाही. बीसीसीआय सरकारी अनुदानावर चालत नाही, तिचं नेहमीचं उत्तरही तेच असतं. पण जानेवारी २०१५मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की काम सार्वजनिक स्वरूपाचं असेल तर जबाबदारीही सार्वजनिक असते. पदाधिकाऱ्यांना आयपीएलसारख्या स्पर्धांमध्ये व्यावसायिक हितसंबंध ठेवण्याची मुभा देणारी नियमातली दुरुस्ती त्या निकालानं रद्द केली. त्यातूनच न्यायमूर्ती लोढा समिती आली, आणि कार्यकाळ, वयोमर्यादा, 'कूलिंग ऑफ' हे शब्द क्रिकेटच्या बातम्यांमध्ये शिरले.

कायद्याचा कीस न काढताही यामागचं तत्त्व समजतं. तुम्हाला मोबाइल कंपनीची सेवा आवडली नाही, तर नंबर तोच ठेवून दुसरीकडे पोर्ट करता येतं. महासंघ पोर्ट करता येत नाही. एका खेळाला एकच मान्यताप्राप्त महासंघ, त्याच्याखाली एकच राज्य संघटना, तिच्याखाली एकच जिल्हा संघटना. त्या साखळीतून बाहेर पडलेल्या खेळाडूला देशासाठी खेळायचा दुसरा रस्ता नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते मिळतं प्रमाणपत्रावर. ज्या संघटनेच्या सहीनं कुणाला फौजदार होता येतं, ती संघटना चार मित्रांचा क्लब कशी असेल? बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आली, ती याच सहीला बाजारभाव आहे म्हणून.

जिथे दुसरं दुकान नाही, तिथे दुकानदाराचा स्वभाव गोड असणं पुरेसं नसतं. फिलिप पेटिट या तत्त्वज्ञानं स्वातंत्र्याबद्दल मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. गुलामाचा मालक दयाळू असला, त्यानं कधी चाबूक उचलला नाही, तरी तो गुलाम स्वतंत्र होत नाही. कारण त्याचं सुख मालकाच्या मर्जीवर टिकलेलं असतं. खेळाडू अर्थातच गुलाम नाही. पण जिचा भत्ता, निवड, प्रमाणपत्र आणि पुढची नोकरी एकाच माणसाच्या मूडवर आहे, ती मुलगी त्या माणसाचा मूड सांभाळायला शिकते. खेळाइतकंच तेही शिकते. माणूस चांगला असेल तर तिला त्रास होणार नाही, इतकंच. त्रास न होणं आणि मोकळं असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

तक्रारीचा पत्ता

आता हाच माणूस चांगला नसेल, किंवा तो चांगला नाही असा आरोप असेल, तर काय होतं ते २०२३मध्ये आपण पाहिलं.

जानेवारीत विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि इतर कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. सिंह यांनी ते नाकारले. आरोपांचा निवाडा करणं हे न्यायालयाचं काम आहे; मी इथे फक्त एक साधा प्रश्न विचारते आहे. ऑलिम्पिक पदक जिंकलेल्या बाईला तक्रार करायला फुटपाथ का लागला?

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागाही धरतो. अंतर्गत समिती असावी, तिची अध्यक्ष महिला असावी, निम्म्या सदस्य महिला असाव्यात, एक सदस्य बाहेरची असावी, असं तो सांगतो. बाहेरची सदस्य कशासाठी? कारण कायदा करणाऱ्यांना कपाटाची कल्पना होती. मे २०२३मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं क्रीडा मंत्रालय, बीसीसीआय, कुस्ती महासंघ आणि आणखी १५ महासंघांना नोटिसा पाठवल्या. विषय हाच होता, की अंतर्गत समित्या नाहीत किंवा नियमाप्रमाणे नाहीत. कायदा होऊन दहा वर्षं झाली होती.

ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच टेबलावर तक्रारीचा कागद जाणार असेल, तर तो कागद लिहिला जात नाही. माझ्या जिल्ह्यातली मुलगी भत्ता मागू शकली नाही कारण सर फार चांगले होते. दुसरीकडे कुणी तोंड उघडू शकत नाही कारण साहेबांची भीती वाटते. एकीकडे कृतज्ञता, दुसरीकडे दहशत, आणि कागद दोन्हीकडे कोरा. या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण दोन्हींमधली व्यवस्था एकच आहे, आणि म्हणूनच चांगल्या सरांनी ती बदलायला हवी. त्यांनी वीस वर्षं घडवलेली खुर्ची त्यांच्यानंतर कुणाच्या हाती जाईल हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्या चांगुलपणामुळे जे प्रश्न विचारायची सवय मोडली, ते प्रश्न पुढच्या माणसालाही कुणी विचारणार नाही.

बाबासाहेबांच्या एकाच भाषणातल्या दोन गोष्टी

२५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी जे भाषण केलं, त्यातली एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारी माणसं वाईट असतील तर ते वाईट ठरेल. 'माणूसच महत्त्वाचा' असं सांगताना आपण हे वापरतो.

त्याच भाषणात पुढे ते कृतज्ञतेबद्दलही बोलले. देशासाठी आयुष्य वेचणाऱ्या थोरांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण त्या कृतज्ञतेला मर्यादा असल्या पाहिजेत, असं त्यांनी बजावलं. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असंही सांगितलं. ही दुसरी गोष्ट आपण कमी वेळा सांगतो.

दोन्ही एकत्र वाचल्या की माझ्या प्रश्नाचं उत्तर जवळ येतं. चांगली माणसं लागतात, यात वाद नाही. पण चांगल्या माणसाभोवती भक्ती साठत जाते, आणि ती काढायचा उपाय त्या माणसाच्या हातात फक्त एकच असतो: वेळेवर उठणं. भाषणात 'मला प्रश्न विचारा' म्हणून भागत नाही. वीस वर्षं उपकार घेतलेली माणसं प्रश्न विचारत नाहीत.

उठण्याची तारीख आधीच ठरलेली असली की आणखी एक गोष्ट घडते. जाण्याचा दिवस माहीत असलेला माणूस रजिस्टर नीट लिहितो, कारण ते दुसरं कुणीतरी वाचणार असतं. तो शिक्का कार्यालयात ठेवतो. हाताखालच्या पोराला प्रवेशिका भरायला शिकवतो. कार्यकाळाची मर्यादा म्हणजे अविश्वासाचा ठराव असं अनेक पदाधिकाऱ्यांना वाटतं. मला ती कपाट उघडं ठेवायची सवय वाटते.

मुंबईत झालेला एक आग्रह

हे जमतं का? आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं उदाहरण बघू. हुआन अँतोनियो सामारांच १९८० ते २००१ अशी २१ वर्षं तिचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात सॉल्ट लेक सिटीच्या यजमानपदासाठी सदस्यांना लाच दिल्याचं प्रकरण फुटलं आणि दहा सदस्यांना जावं लागलं. त्यानंतर नियम झाला: अध्यक्षाला आधी आठ वर्षं, मग फार तर चार.

ऑक्टोबर २०२३मध्ये या समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं. अध्यक्ष थॉमस बाख यांची बारा वर्षं २०२५मध्ये संपणार होती. काही सदस्यांनी उभं राहून आग्रह धरला की तुम्ही थांबा, हवं तर नियम बदलू. बाख यांनी तिथल्या तिथे स्पष्ट 'नाही' म्हटलं नाही. पण ऑगस्ट २०२४मध्ये, पॅरिस ऑलिम्पिकच्या अखेरीस, त्यांनी जाहीर केलं की आपण थांबणार नाही. मार्च २०२५मध्ये झिम्बाब्वेची माजी जलतरणपटू कर्स्टी कोव्हेंट्री निवडून आली. त्या पदावरची पहिली महिला, आफ्रिकेतली पहिली व्यक्ती.

बाख संत होते असं मला म्हणायचं नाही. त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत. मुद्दा एवढाच की मुंबईतला तो आग्रह आपल्या ओळखीचा आहे. 'साहेब, तुमच्याशिवाय कोण?' हे वाक्य तालुक्याच्या सभेत आणि जागतिक सभेत सारखंच ऐकू येतं. फरक पडला तो लिहून ठेवलेल्या नियमानं. नियम नसता तर जाण्यासाठी कारण शोधावं लागलं असतं; नियम होता म्हणून थांबण्यासाठी कारण द्यावं लागलं.

नुसतं उठून भागत नाही

खुर्ची सोडली की सगळं ठीक होईल असं मात्र नाही. डिसेंबर २०२३मध्ये कुस्ती महासंघाची निवडणूक झाली, मावळत्या अध्यक्षांच्या निकटचे मानले जाणारे संजय सिंह ४० विरुद्ध ७ मतांनी निवडून आले, आणि त्याच दिवशी साक्षी मलिकनं पत्रकार परिषदेत टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडली. फुटबॉलमध्ये सप्टेंबर २०२२च्या निवडणुकीत माजी कर्णधार बायचुंग भुतियाला ३४पैकी एक मत मिळालं. जिंकलेले कल्याण चौबेही माजी गोलरक्षकच. म्हणजे माणूस बदलून मतदार तेच राहिले, किंवा खुर्चीत खेळाडू बसला, एवढ्यानं कपाट उघडत नाही. क्रिकेटमध्येही लोढा समितीची 'कूलिंग ऑफ'ची अट २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बीसीसीआयच्या अर्जावरून सैल केली.

२०२५मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यांत किमान चार महिला आणि नामवंत खेळाडूंना जागा, वाद सोडवायला क्रीडा लवाद, सलग कार्यकाळांना बारा वर्षांची मर्यादा अशा तरतुदी आहेत. त्याच कायद्यानं सत्तर ते पंचाहत्तर वयाच्या लोकांना आंतरराष्ट्रीय नियम परवानगी देत असतील तर निवडणूक लढवायची मुभाही दिली, आणि माहितीचा अधिकार सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांपुरता ठेवला. थोडं पुढे, थोडं जागच्या जागी. मला तरीही लवाद महत्त्वाचा वाटतो, कारण तक्रारीला तिथे साहेबांच्या टेबलाबाहेरचा एक पत्ता मिळतो.

पण कायदा दिल्लीत होतो आणि प्रवासभत्ता जिल्ह्यात अडतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक क्रीडा संघटनांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. तिथे त्यांना दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, पदाधिकारी बदलले की 'चेंज रिपोर्ट' दाखल करावा लागतो. म्हणजे कागदावर ते सगळे विश्वस्त आहेत, आणि विश्वस्ताला हिशेब विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

तुम्ही स्वतः खेळत असाल, किंवा धाकटी बहीण खेळत असेल, तर आपल्या संघटनेबद्दल तीन गोष्टी शोधून बघा. संघाची निवड कोण करतं? चेकवर सही कुणाची असते? आणि निवडीबद्दल किंवा वागणुकीबद्दल तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे जाते? तिन्हींचं उत्तर एकच नाव असेल, तर तो माणूस देवमाणूस असला तरी संस्था आजारी आहे. हे त्या माणसाला सांगायची हिंमत झाली नाही, तर तोही त्या आजाराचाच भाग समजा.

आणि तो माणूस खरंच देवमाणूस असेल, तर त्याचा सत्कार जरूर करा. शाल, श्रीफळ, टाळ्या, सगळं. फक्त तो सत्कार निरोपाचा असू दे, आणि त्याच सभेत इतिवृत्तात एक ओळ लिहून घ्या: शिक्का, चेकबुक आणि रजिस्टर नव्या सचिवांच्या ताब्यात दिलं.